मस्टँगमध्ये शेवरोले, जीपमध्ये मॅटाडोर : आपल्या घाटांतल्या इंजिन-बदलाची गोष्ट

ज्यांना कानात इअरफोन घालून ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर. बोलण्यातले "अं... म्हणजे..." तेवढे काढून टाकलेत.

रील्सवर तुम्ही हे नक्की पाहिलं असणार. फोर्ड मस्टँगचं बॉनेट उघडतं आणि आत निघतं शेवरोलेचं व्ही-८ इंजिन. अमेरिकेत फोर्डवाले आणि शेवरोलेवाले म्हणजे आपल्याकडे दोन गावच्या गोविंदा पथकांसारखे. एकमेकांचं तोंड पाहणार नाहीत. त्यामुळे फोर्डच्या पोटात शेवीचं इंजिन बसवलं की अर्धे लोक टाळ्या वाजवतात आणि उरलेले अर्धे म्हणतात, गाडी बाटवली!

आपल्याकडे मस्टँग कुठून येणार? पण वैऱ्याच्या घरचं इंजिन आणून आपल्या गाडीत बसवायचं काम इथेही झालं, आणि भरपूर झालं. फरक इतकाच की तिकडे ते वेगासाठी झालं, इकडे डिझेलच्या भावासाठी, चढासाठी आणि पावसासाठी. गाडी होती जीप. आणि हे सगळं समजून घ्यायला महाड-पोलादपूरसारखी दुसरी चांगली जागा नाही. का, ते पुढे येईलच.

आधी अमेरिकेचं पटकन उरकू. १९४९ साली ओल्डस्मोबील आणि कॅडिलॅक या जनरल मोटर्सच्या दोन कंपन्यांनी नव्या बनावटीची व्ही-८ इंजिनं बाजारात आणली. पोरांनी ती भंगारातून उचलून जुन्या, हलक्या फोर्डमध्ये टाकायला सुरुवात केली. कॅडिलॅकचं इंजिन टाकलेल्या फोर्डला 'फोर्डिलॅक' आणि स्टुडबेकरला 'स्टुडिलॅक' अशी नावंच पडली. १९५५ साली शेवरोलेचं 'स्मॉल ब्लॉक' आलं. लहान, हलकं, स्वस्त. जनरल मोटर्सने २०११ मध्ये जाहीर केलं की या घराण्याची दहा कोटी इंजिनं बनली. दहा कोटी! मग ते कुठल्याही गाडीत सापडेल यात नवल काय. १९६२ मध्ये कॅरोल शेल्बी या रेसरने तर ब्रिटिश एसी कंपनीच्या नाजूक गाडीत फोर्डचं व्ही-८ बसवलं. तीच ती कोब्रा. आज जगातल्या सगळ्यात भाव खाणाऱ्या गाड्यांपैकी एक, आणि आहे काय? एकीचं अंग, दुसरीचं काळीज.

पण मला सगळ्यात आवडतो तो १९७७ चा किस्सा. शिकागोकडच्या एका माणसाने नवी कोरी ओल्डस्मोबील घेतली. सर्व्हिसिंगला गेला तर ओल्डस्मोबीलचा फॅन बेल्ट आणि ऑइल फिल्टर बसेचनात. मग कळलं, आत इंजिन शेवरोलेचं! ओल्डस्मोबीलची इंजिनं कमी पडली म्हणून कंपनीने स्वतःच, गिऱ्हाइकाला न सांगता, त्याच मापाचं शेवरोलेचं इंजिन टाकलं होतं. इलिनॉय राज्याच्या अॅटर्नी जनरलने कोर्टात खेचलं, आणि जनरल मोटर्सने गिऱ्हाइकांना दोनशे डॉलर आणि वाढीव वॉरंटी देऊ केली. लोकांनी त्या गाडीला नाव दिलं 'शेवीमोबील'. हा किस्सा लक्षात ठेवा, कारण कंपनीने केलं तर ते उत्पादन आणि मिस्त्रीने केलं तर जुगाड, हा भेद पुढे आपल्याला भेटणार आहे.

आता मुंबईत या.

जनरल मोटर्सचा शिवडीला कारखाना होता, १९२८ पासून. फोर्डचीही मुंबईत जुळणी व्हायची. म्हणजे शेवरोले आणि फोर्ड या दोन्ही वैरिणी मुंबई बंदरात खोक्यांतून उतरायच्या आणि इथे जोडल्या जायच्या. स्वातंत्र्यानंतर सरकारने ठरवलं, नुसती जुळणी करायची असेल तर दुकान बंद करा, इथे सुटे भाग बनवणार असाल तरच थांबा. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर दोन्ही कंपन्यांनी गाशा गुंडाळला. राहिल्या कोण? कुर्ल्याची प्रीमियर, कलकत्त्याची हिंदुस्तान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड, आणि जीपवाली महिंद्रा.

याचा परिणाम काय झाला, हे फार कोणी सांगत नाही. रस्त्यावर हजारो अमेरिकन गाड्या फिरत होत्या आणि त्यांचे सुटे भाग यायचे बंद झाले. पिस्टन गेला तर नवा कुठून आणणार? आयातीला परवाना, परवान्याला परकीय चलन, आणि परकीय चलन देशाकडेच नाही. मग इंजिन मरायचं, गाडीचा पत्रा मात्र ठणठणीत. तेव्हा अँबॅसडरचं नाहीतर जीपचं इंजिन उचला आणि टाका. आज मुंबईत विंटेज गाड्यांची रॅली निघते तेव्हा तिथले जाणकार बॉनेट उघडून पहिलं हेच बघतात, आतलं इंजिन मूळचं आहे की मधल्या काळात बदललेलं.

एक गंमत जाता जाता. आपली एसटी १ जून १९४८ ला सुरू झाली, पुणे-अहमदनगर. त्या सुरुवातीच्या काळात ताफ्यात दहा वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या होत्या : शेवरोले, फोर्ड, बेडफर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड, कॉमर, फियाट. दहा! डेपोतल्या मेकॅनिकची काय अवस्था झाली असेल, कल्पना करा. एका हाताला दहा कंपन्यांचे नट-बोल्ट कळणारा माणूस आपल्याकडे असा तयार झाला.

दुसरा धक्का १९७३ चा. अरब देशांनी तेल रोखलं. पिंपाचा भाव तीन डॉलरच्या आसपास होता, तो काही महिन्यांत बाराच्या जवळ गेला. आपल्याकडे पेट्रोल कडाडलं. डिझेल मात्र शेती, ट्रक आणि एसटीचं इंधन म्हणून सरकारने स्वस्त ठेवलं, आणि पुढची कित्येक वर्षं ते पेट्रोलच्या साधारण निम्म्या भावात किंवा त्याहूनही कमी मिळत राहिलं. एका लिटरमागे अर्धा पैसा वाचतो, वर डिझेल इंजिन त्याच लिटरमध्ये जास्त अंतर कापतं. ज्याचं पोट गाडीवर आहे, त्याला हे गणित शिकवायला मास्तर लागत नाही.

"गाडी डिझेल केली." हे वाक्य तुमच्या आजोबांच्या तोंडी ऐकलंय का? पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवणं म्हणजे गाडी डिझेल करणं. मद्रासची सिम्पसन कंपनी ब्रिटनच्या पर्किन्सची डिझेल इंजिनं बनवायची, ती ट्रकांत आणि मोठ्या अमेरिकन गाड्यांत गेली. पुण्याच्या बजाज टेंपोच्या मॅटाडोरचं इंजिन अँबॅसडरमध्ये गेलं, जीपमध्ये गेलं. पुढे इसुझु आलं. ज्याला जे मिळेल ते.

आता महाड-पोलादपूर.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. मुंबई-गोवा महामार्ग, पूर्वीचा १७ नंबर, आताचा ६६. महाड सावित्रीच्या काठी, जवळजवळ समुद्रसपाटीलाच. तिथून पूर्वेला वरंधा घाट चढला की भोर, पुणे. पुढे पोलादपूर. तिथून दक्षिणेला कशेडी घाट, पलीकडे खेड. आणि पोलादपूरहून पूर्वेला आंबेनळी घाट, प्रतापगडाच्या पायथ्यावरून थेट महाबळेश्वर. महाबळेश्वर तेराशे मीटरच्या वर. चाळीसएक किलोमीटरमध्ये एवढं चढायचं. कोकण रेल्वे १९९३ साली वीरपर्यंत आली, ती महाडच्या जवळ. पोलादपूरला आजही रेल्वे नाही. म्हणजे जे काही जायचं ते रस्त्याने, आणि रस्ता म्हणजे घाट.

शिवाय पाऊस. महाडला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर, वर महाबळेश्वरला त्याच्या जवळजवळ दुप्पट.

आता जुन्या पेट्रोल जीपचा विचार करा. महिंद्राची सीजे-३बी, आत विलीजचं 'हरिकेन' इंजिन, २२०० सीसी, सत्तरएक हॉर्सपॉवर. ऐकायला चांगलं वाटतं. पण ही ताकद इंजिन जोरात फिरवल्यावर मिळते. घाटात दहा-बारा माणसं, वर टपावर तांदळाची पोती, दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन रडतंय आणि पेट्रोलचा काटा डोळ्यांदेखत खाली चाललाय. उन्हाळ्यात तर चढावर पेट्रोलच्या पंपाला वाफ धरायची. पाइपात पेट्रोलऐवजी वाफ, गाडी बंद. ड्रायव्हर उतरून पंपावर ओलं फडकं ठेवायचा आणि प्रवासी दरीकडे पाठ करून तंबाखू मळत बसायचे. पावसाळ्यात उलटा त्रास. पेट्रोल इंजिनाला ठिणगी लागते, ठिणगीला डिस्ट्रिब्यूटर आणि प्लगच्या वायरी कोरड्या लागतात. ओढ्याचं पाणी फॅनने उडवलं की सगळं ओलं, आणि गाडी ओढ्याच्या मधोमध ठप्प.

डिझेलला ठिणगीच लागत नाही. हवा दाबून इतकी तापवायची की त्यात डिझेल फवारलं की ते आपोआप पेटतं. भिजायला काही उरलंच नाही. आणि ओढ कमी फेऱ्यांवर मिळते, म्हणजे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये धक-धक करत चढत राहते. म्हणून मी म्हणतो की घाटावरच्या दुष्काळी भागात डिझेल करणं हा फक्त पैशाचा हिशेब होता, पण कोकणात त्यात पावसाचाही हात होता. हे माझं मत. तुमच्या गावातला जुना मिस्त्री काय म्हणतो ते जरूर विचारा.

मग ही बदली होते कशी? "इंजिन काढलं, इंजिन टाकलं" इतकं सोपं असतं तर काय पाहिजे होतं.

इंजिन मिळवायचं मुंबईहून, कुर्ल्याच्या भंगार बाजारातून. किंवा अपघातात मोडलेली गाडी कुठे पडलीये याची खबर ठेवायची. इंजिन आलं की पहिला प्रश्न गिअरबॉक्सचा. जीपचा गिअरबॉक्स विलीजच्या नमुन्याचा, इंजिन मर्सिडीजच्या नमुन्याचं. दोघांच्या बोल्टची भोकं एकमेकांना ओळखतही नाहीत. मग मध्ये जाड लोखंडी प्लेट बनवायची, तिला म्हणतात अॅडॉप्टर प्लेट. एका बाजूला या इंजिनाची भोकं, दुसऱ्या बाजूला त्या गिअरबॉक्सची. हे काम लेथवर. आणि इथेच खरा मिस्त्री आणि नुसता पाना फिरवणारा यांच्यातला फरक कळतो, कारण इंजिनाचा शाफ्ट आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट एका रेषेत यायला हवेत. केसभर चुकलं तरी गाडी सुरू होते, चालतेसुद्धा, मालक खूश होऊन पेढे वाटतो. आणि दोन महिन्यांनी बेअरिंग ओरडायला लागतं, क्लच खातं, गिअर आपोआप सुटतो. आंबेनळीच्या उतारावर गिअर सुटणं म्हणजे काय, हे मी सांगायला नको.

पुढे इंजिनाचे पाय. चॅसिसवर नवे ब्रॅकेट वेल्ड करायचे, खाली रबर. डिझेल थरथरतं, रबर कमी पडलं तर सगळी जीप खुळखुळ्यासारखी वाजते. खाली तेलाचा सम्प पुढच्या अॅक्सलला लागतो का बघायचं. फोर-बाय-फोर असेल तर लागतोच, मग सम्प कापून दुसऱ्या आकाराचा करायचा. डिझेल इंजिन जड, त्यामुळे पुढचे पाटे बसतात, एखादं पान वाढवायचं. रेडिएटर, स्टार्टर, मोठी बॅटरी, सायलेन्सरचा पाइप. आणि शेवटी क्राऊन-पिनियन. डिझेल इंजिन पेट्रोलइतक्या फेऱ्या घेत नाही, त्यामुळे चाकांकडचं जुनं दातांचं प्रमाण ठेवलं तर घाट छान चढतो पण महामार्गावर गाडी पन्नासच्या पुढे गेली की किंचाळते. घाटात फिरणारे ते तसंच ठेवायचे. त्यांना महामार्गावर जायचंच कुठे होतं?

यातलं काहीही कुठल्या पुस्तकात नव्हतं. आयटीआयच्या अभ्यासक्रमातही नव्हतं.

आता बघा, मोठ्या कंपन्या काय करत होत्या. अगदी हेच! महिंद्राने १९७९ मध्ये फ्रान्सच्या पेजोकडून एक्सडीपी ४.९० या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला आणि ते अमेरिकन वंशाच्या जीपमध्ये बसवलं. २११२ सीसी, चार सिलिंडर, ९० मिलिमीटरचा बोअर, म्हणून ४.९०. गावोगावी दिसणारी एमएम ५४० तीच. बजाज टेंपोने मर्सिडीजचं ओएम ६१६ घेतलं, म्हणजे युरोपात २४०डी नावाच्या मोटारीत असायचं ते, आणि ते मॅटाडोर-ट्रॅक्समध्ये आलं. "मर्सिडीजचं इंजिन आहे" असं ट्रॅक्सवाला छाती फुगवून सांगायचा, तर ते खोटं नव्हतं बरं का. प्रीमियरने १९८५ मध्ये ११८एनई काढली : अंगाने फियाट १२४, आत जपानच्या निसानचं इंजिन. स्टँडर्डने त्याच सुमाराला रोव्हरच्या देखण्या बॉडीत चाळीसच्या दशकातल्या बनावटीचं इंजिन कोंबलं आणि गाडी आपटली. आणि हिंदुस्तान मोटर्सची काँटेसा, जिला आजची पोरं 'भारताची मसल कार' म्हणतात? १९८४ मध्ये आली तेव्हा त्या लांबरुंद व्हॉक्सहॉलच्या अंगात अँबॅसडरचं १५०० सीसीचं इंजिन होतं, पन्नासएक हॉर्सपॉवरचं. पैलवानाच्या छातीत चिमणीचं काळीज. जपानच्या इसुझुचं १८०० सीसी आल्यावर ती खऱ्या अर्थाने धावू लागली.

म्हणजे त्या काळात देशातल्या जवळजवळ प्रत्येक कारखान्याने एकाचं धड आणि दुसऱ्याचं इंजिन जोडलं. नवी गाडी आखायला पैसा नाही, आयातीला परवाना नाही, कारण तेच जे गल्लीतल्या मिस्त्रीचं होतं. कारखान्याने केलं त्याला 'तांत्रिक सहकार्य करार' म्हणायचे.

पण एका बाबतीत मी मिस्त्रीची बाजू घेणार नाही. कारखाना इंजिन बदलतो तेव्हा निदान ब्रेकचा विचार करतो. जुन्या जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक, बूस्टर नाही, सगळा जोर ड्रायव्हरच्या पायाचा. त्यात जड इंजिन आलं, ओढ वाढली, ओढ वाढली म्हणून माणसं वाढली. आठची दहा, दहाची चौदा, दोन मागे लटकलेली. चढायची ताकद वाढली आणि थांबायची तेवढीच राहिली. ज्या गाड्यांना पेट्रोल इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालणारा बूस्टर होता, त्यांची गत आणखी अवघड. डिझेल इंजिन तसा व्हॅक्यूम देतच नाही, वेगळा पंप बसवावा लागतो, आणि तो बसवायचा कंटाळा करणारे महाभाग होते. वडापवर सगळ्यांनी लाडाने बोलावं अशी पद्धत आहे. वरच्या वाड्यांना दिवसातून एक-दोन एसटी, त्यामुळे बाळंतिणीला खाली आणायलाही हीच जीप, हे खरंच आहे. पण त्याच जीपमध्ये जीव मुठीत धरून बसलेली माणसंही खरी आहेत.

आणि कागद. आरसी बुकात इंजिन नंबर वेगळा लिहिलेला असतो आणि चॅसिस नंबर वेगळा. इंजिन बदललं की तो नंबर आणि इंधनाचा प्रकार बदलून घ्यायला हवा. पूर्वी आरटीओला कळवून, मंजुरी घेऊन असे बदल करता यायचे. काहींनी केले, पुष्कळांनी नाही केले. मग अपघात झाला की विमा कंपनीचा सर्व्हेअर पहिली गोष्ट कुठली बघणार? इंजिनावरचा नंबर. तो कागदाशी जुळला नाही की नुकसानभरपाईचा वाद सुरू, आणि त्यात जखमी माणसाचं घर वर्षानुवर्षं लटकून राहतं.

२००० साली मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये दुरुस्ती झाली आणि दार जवळजवळ बंद झालं. कंपनीने जे मूळ तपशील दिलेत त्यांच्याशी विसंगत बदल करायचा नाही. सवलत ठेवली ती सीएनजी, एलपीजी, बॅटरी अशा दुसऱ्या इंधनाच्या मान्यताप्राप्त किटला. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ पक्का केला. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी सीएनजीवर गेल्या त्या याच सवलतीतून. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली.

कायद्याने जे पूर्ण थांबलं नाही ते भावाने थांबवलं. २०१० मध्ये पेट्रोलचा भाव सरकारी नियंत्रणातून सुटला, २०१४ मध्ये डिझेलचा. दोघांतलं अंतर इतकं आटलं की इंजिन बदलायचा खर्च वसूल होईना. वडापला मिनीडोर, विक्रम, इको आल्या. कशेडीला आता बोगदा आहे.

राहिल्या त्या जुन्या जीपा. कुठे फणसाखाली उभ्या, कुठे अजून फाटी वाहतात. २०२१ मध्ये केंद्राने विंटेज वाहनांचे नियम आणले : नोंदणीला पन्नास वर्षं झालेल्या गाडीला 'व्हीए' अशा खास मालिकेचा नंबर मिळू शकतो. अट एक. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा. म्हणजे जी जीप कुणाच्या तरी बंगल्यात ताडपत्रीखाली झोपून होती ती विंटेज, आणि जी मॅटाडोरचं इंजिन घालून तीस पावसाळे आंबेनळी चढली-उतरली ती नाही.

आणि म्हणून आता उलटी वाहतूक सुरू झालीये. पुण्या-मुंबईचे हौशी लोक जुन्या सीजे-३बी विकत घेतात, आतलं डिझेल काढतात, आणि मूळचं हरिकेन पेट्रोल इंजिन शोधत फिरतात. तेच, जे "पेट्रोल पितं" म्हणून काढून भंगारात किलोवर घातलं होतं. अॅडॉप्टर प्लेटही मग निघते. ती कोणी मागत नाही.